सहा बर्थ, साडेतीन टन आणि नऊ पोती

माझ्या सासूबाई ऑस्ट्रेलिया बघायला आल्या आणि त्यांनी वीस महिने क्रेगीबर्न बघितलं.

यात क्रेगीबर्नचा काही दोष नाही. मेलबर्नच्या उत्तर टोकाचं चांगलं उपनगर आहे. नवी घरं, नवे रस्ते, हाकेच्या अंतरावर चार इंडियन ग्रोसरी. पण कराडहून निघालेला माणूस इतक्या लांब काही कढीपत्ता बघायला येत नाही. आई आणि आप्पा, म्हणजे माझे सासू-सासरे, दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले आणि मार्चमध्ये जगाने दार लावून घेतलं. तिकिटं तीनदा रद्द झाली. चौथ्यांदा मिळाली तेव्हा तिकडे दुसरी लाट होती आणि वृषालीने, म्हणजे माझ्या बायकोने, दोघांचे पासपोर्ट चक्क लपवून ठेवले. इकडे लॉकडाऊनमागून लॉकडाऊन. घरापासून पाच किलोमीटर, तेही खरेदीला एकानेच, तेही कामापुरतं! आईंनी वीस महिन्यांत कांगारू पाहिला तो पिठाच्या पिशवीवरच्या 'मेड इन ऑस्ट्रेलिया'च्या शिक्क्यात.

सहाव्या लॉकडाऊनमध्ये एका सकाळी माझ्यासमोर पोह्यांची डिश ठेवून आई म्हणाल्या, "निनादराव, एक बोलू का?"

"बोला की, आई."

"डिसेंबरची तिकिटं मिळतील असं वृषाली म्हणतीय. म्हणजे आम्ही जाणार. जायच्या आधी एकदा सगळे मिळून कुठंतरी जाऊ या. सहाच्या सहा जण. चार दिवस एका छपराखाली राहू, समुद्र बघू, मी तुम्हाला गरम गरम करून वाढीन. बास. मग मी कराडात सांगायला मोकळी, की ऑस्ट्रेलिया बघितला म्हणून."

या बाईंनी वीस महिन्यांत स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट. माझ्या घशाशी आवंढा आला. घशाशी आवंढा आला की मी काहीतरी विकत घेतो, हा माझा जुना दोष आहे.

"आई," मी म्हणालो, "आपण मोठी कॅरॅव्हॅन घेऊ!"

आतल्या खोलीतून वृषाली ओरडली, "निनाद, मी मीटिंगमध्ये आहे! आणि कॅरॅव्हॅन आहे आपल्याकडे!"

होती. गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर म्हणजे कॅरॅव्हॅन, आणि आमचं ते घर वन-रूम-किचनच्याही खालचं होतं. आम्ही दोघं आणि दोन मुली त्यात कसेबसे मावायचो. एकाला कूस बदलायची असली तर चौघांची संमती लागायची. त्यात आणखी दोन माणसं घालायची तर आप्पांना सिंकमध्ये झोपवावं लागलं असतं. तेव्हा मोठी घ्यायची हे ठरलं (म्हणजे मी ठरवलं).

ओढायला आमच्याकडे युट होती. परदेशी जाता येत नाही म्हणून महामारीच्या पहिल्या उन्हाळ्यात निम्म्या मेलबर्नने मोठ्या गाड्यांचं आणि कॅरॅव्हॅनचं जे खूळ डोक्यात घेतलं, त्यात मीही होतो. युट म्हणजे पुढे माणसांना केबिन आणि मागे सामानाला उघडा हौदा असलेली दांडगी गाडी. ब्रोशरवर लिहिलं होतं, ओढण्याची क्षमता साडेतीन टन. हा आकडा मी इतक्यांदा आणि इतक्या लोकांना ऐकवला होता, की आमच्या सात वर्षांच्या सईने ऑनलाइन शाळेत वर्गाला सांगितलं, "माय डॅड कॅन पुल थ्री अँड अ हाफ टन्स." टीचरने त्या दिवशी माझ्याकडे कॅमेऱ्यातून जरा निरखून पाहिलं.

माझ्या आणि साडेतीन टनांच्या मध्ये एकच माणूस उभा होता. आप्पा.

आप्पा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी त्यांनी आठवडी बाजारांतून खोटे तराजू पकडण्यात घालवली. पारड्याखाली चिकटवलेली चिंच त्यांना दहा फुटांवरून दिसायची. असा माणूस वीस महिने क्रेगीबर्नमध्ये बसून होता आणि त्याला तोलायला काही मिळालं नव्हतं. माझा कॅरॅव्हॅनचा बेत ऐकून त्यांनी युटचं मॅन्युअल मागितलं. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून बाहेरही काढलेलं नव्हतं. आप्पांनी दोन दिवसांत ते पेन्सिलीने खुणा करत वाचून काढलं.

"निनादराव, ह्यात दुसरा एक आकडा आहे बघा."

"कुठला?"

"गाडी, गाडीतली माणसं, सामान, डिझेल, कॅरॅव्हॅन आणि कॅरॅव्हॅनच्या पोटातलं सगळं, एकूण सहा टनांच्या वर जायचं नाही. तुम्ही साडेतीन टन ओढणार म्हणजे गाडीला उरले अडीच. रिकामी गाडीच सव्वादोन. माणसांना राहिले अडीचशे किलो."

"मग?"

"आपण सहा जण. मग दोघांनी चालत यायचं."

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती पुढे कोणीतरी सांगणारच. माझा पोटापाण्याचा उद्योग म्हणजे एका वेअरहाऊसमध्ये कुठल्या ट्रकमध्ये किती माल बसेल हे ठरवणं. त्याचे मला पैसे मिळतात! तरीही हा दुसरा आकडा मला सासऱ्यांकडून कळला. मी चेहरा निर्विकार ठेवून म्हणालो, "हो हो, ते धरलंय मी हिशोबात."

लॉकडाऊन उठला त्या आठवड्यात मी आणि आप्पा सेकंडहँड कॅरॅव्हॅनच्या यार्डात गेलो. आत एका वेळी दोघांनाच प्रवेश होता, त्यामुळे बाकीचे चौघे फोनवर व्हिडिओ कॉलमध्ये. निम्मं यार्ड रिकामं, कारण सगळ्या राज्याला एकदम समुद्र आठवला होता. ग्लेन नावाच्या सेल्समनने आम्हाला मागच्या कोपऱ्यातल्या एका लांबलचक पांढऱ्या कॅरॅव्हॅनपाशी नेलं.

"दिस वन स्लीप्स सिक्स, मेट. टेअर ट्वेंटी-सिक्स फॉर्टी, एटीएम थर्टी-टू हंड्रेड."

फोनमधून आईंचा आवाज आला, "एटीएम पण आहे आत? बरं झालं बाई, वाटेत पैसे काढायला उतरायला नको."

(इथे एटीएम म्हणजे सामानासकट कॅरॅव्हॅनचं जास्तीत जास्त वजन. ते समजावून सांगितल्यावर आई जरा हिरमुसल्याच.)

"आणि टेअर म्हणजे?" आप्पांनी मला विचारलं.

"रिकाम्या कॅरॅव्हॅनचं वजन."

"म्हणजे धडा! मग धडा म्हणा की!"

आप्पांचा आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. पूर्वी तेलाला किटली घेऊन गेलं की दुकानदार आधी रिकाम्या किटलीइतकं वजन समोरच्या पारड्यात टाकायचा, मग तेल मोजायचा. त्या वजनाला म्हणतात धडा. आणि दुकानदार फसवतो तो तेलात नाही, धड्यात फसवतो, हे आप्पांचं आयुष्यभराचं तत्त्वज्ञान. त्यांनी मास्क नीट केला आणि ग्लेनकडे वळले.

"हू डिड द धडा?"

"सॉरी, मेट?"

"धडा, धडा! एम्प्टी वेट! हू वेड? व्हेन वेड? व्हेअर इज सर्टिफिकेट?"

"नो वरीज, मेट, इट्स ऑन द प्लेट," असं म्हणून ग्लेनने दाराशेजारची धातूची पट्टी दाखवली.

"पट्टी काय, पट्टी सगळेच लावतात," आप्पा मराठीत पुटपुटले. "निनादराव, आधी काट्यावर न्यायला सांगा. मग बघू."

खरं तर आप्पांचं ऐकायला हवं होतं. पण तेवढ्यात फोनवर इरा (थोरली, वय अकरा) किंचाळली, "बाबा, ट्रिपल बंक्स! ओ माय गॉड, ट्रिपल बंक्स!" (म्हणजे एकावर एक तीन बर्थ) आणि आईंनी विचारलं, "निनादराव, ओटा आहे का हो?"

"आहे, आई. आणि तो ड्रॉवरसारखा बाहेर ओढता येतो."

"बाहेर? म्हणजे समुद्राकडं बघत पोळ्या लाटता येतील?"

घशाशी पुन्हा आवंढा आला. पुढच्या वीस मिनिटांत मी सह्या करून मोकळा झालो होतो.

कॅरॅव्हॅन घरी आणली तो सोहळा थोडक्यात आटोपतो. ड्राइव्ह-वेमध्ये ती मागे मागे घालताना मी चाळीस मिनिटं घेतली. करमणुकीला उपाशी असलेली सगळी गल्ली खुर्च्या घेऊन बाहेर आली होती. समोरच्या पंजाबी अंकलनी "राइट काटो, राइट!" आणि त्यांच्या मिसेसनी त्याच वेळी "लेफ्ट, लेफ्ट!" असा जोर लावला. शेवटी वृषाली घरातल्या चपला घालून आली, म्हणाली, "उतर," आणि तिने एका दमात ती आत घातली. टाळ्या पडल्या. मी मागच्या चाकाची हवा तपासण्यात गढून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "चला, काट्यावर."

सार्वजनिक वजनकाटा आमच्याकडे कचरा डेपोत आहे. तिथल्या केबिनमध्ये शॅरन नावाच्या बाई बसतात. आप्पांनी आधी काट्याचीच तपासणी केली. प्लॅटफॉर्मच्या फटीत खडे अडकलेत का पाहिलं, रिकामा असताना आकडा शून्यावर येतो का पाहिलं, आणि मग केबिनच्या काचेपाशी जाऊन अदबीने म्हणाले, "मॅडम, युअर व्हेरिफिकेशन सर्टिफिकेट, प्लीज."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण शॅरन बाईंचे डोळे चमकले. "लव्ह, इतक्या वर्षांत हे विचारणारे तुम्ही पहिलेच," अशा अर्थाचं काहीतरी म्हणत (इकडे अशा बायका कोणालाही लव्ह म्हणतात) त्यांनी भिंतीवरची फ्रेमच काढून आणली. दोघांनी पाच मिनिटं तो कागद वाचला. त्यानंतर आमची कॅरॅव्हॅन काट्यावर चढली. पट्टीवर दोन हजार सहाशे चाळीस. काट्यावर दोन हजार सातशे नव्वद!

"दीडशे किलो खोट!" आप्पा म्हणाले. वीस महिन्यांत मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. "धड्यातच मारलं की ओ तुम्हाला!"

मी तिथूनच ग्लेनला फोन लावला. तो म्हणाला, एसी, दारावरची कापडी पडवी आणि जादाची बॅटरी आधीच्या मालकाने नंतर बसवली, मेट, ती पट्टीत कशी येणार?

"म्हणजे चिंच," आप्पा म्हणाले आणि त्यांनी वहीत नोंद केली.

आता सामानाला उरले चारशे दहा किलो, आणि त्यातले दीडशे टाकीतल्या पाण्याचेच. उरलेल्यात गाद्या, गॅस, कपडे आणि आई. म्हणजे आईंचं सामान. दिवाळी नुकतीच झाली होती, त्यामुळे फराळाचे सात डबे होते, स्टीलचे. दोन कुकर, इडलीपात्र, लोखंडी तवा, आणि कराडहून बॅगेतून आणलेला दगडी खलबत्ता. आप्पांनी गॅरेजमध्ये चौकी बसवली. घरातला वजनकाटा त्यांनी आधी तांदळाच्या पाच किलोच्या पिशवीने तपासला, तो अर्धा किलो कमी दाखवतो हे सिद्ध केलं (त्या काट्याच्या भरवशावर मी लॉकडाऊनभर डाएट करत होतो!) आणि मग एकेक वस्तू तोलायला सुरुवात केली.

"खलबत्ता, साडेसात. बाद."

"अहो, चटणी कशात कुटू?"

"बाद. इडलीपात्र बाद. चकलीचा डबा डब्यासकट चार. डबा बाद, चकली पिशवीत घ्या."

"मोडतील!"

"मोडलेली चकली वजनाला तेवढीच भरते."

माझा बार्बेक्यू, माझ्या मासे पकडायच्या काठ्या आणि माझी घडीची आरामखुर्ची तर दारातूनच परत गेली. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की काहीही करून ही ट्रिप झाली पाहिजे. लेक्स एन्ट्रन्स या किनाऱ्यावरच्या गावी कॅरॅव्हॅन लावायला समुद्रासमोरची जागा चार दिवसांसाठी मिळाली होती, परतीची तिकिटं हातात होती आणि पुन्हा लॉकडाऊन कधी लागेल याचा नेम नव्हता. हुकली असती तर आई क्रेगीबर्न बघून घरी गेल्या असत्या, आणि ते मला जन्मभर खुपलं असतं.

सामान भरून झालं. आता पुन्हा काटा, आणि या वेळी माणसांसकट, असा आप्पांचा आग्रह. इथे आईंनी पाय रोवले.

"त्या परक्या बाईसमोर माझं वजन? मी नाही येणार!"

"अगं, तुझं एकटीचं नाही, सगळ्या गाडीचं मिळून."

"तुम्ही वजाबाकी करता. मला माहीत आहे."

वृषाली म्हणाली तिला मीटिंग आहे. मुली म्हणाल्या, "दॅट्स सो बोरिंग." म्हणजे आम्ही दोघंच. पण माणसांशिवाय वजन घेणं आप्पांना मान्य नव्हतं. त्यांनी गॅरेजभर नजर फिरवली आणि तिथे उत्तर उभं होतं. महामारीच्या पहिल्या महिन्यात घाबरून साठवलेली पिठाची आणि तांदळाची पोती, प्रत्येकी वीस किलोंची!

"वृषाली, तीन पोती. हिची आई, तीन पोती. इरा, दोन. सई, एक," आप्पा म्हणाले. "अंदाजे आहे, पण न्याय्य आहे."

नऊ पोती आम्ही दोघांनी उचलून केबिनमधल्या मागच्या सीटवर रचली. डाव्या खिडकीशी आई, उजव्या खिडकीशी वृषाली, मध्ये इरा, आणि सईचं पोतं इराच्या पोत्यांवर. फार सुबक रचलं होतं. मी धंद्यातला माणूस, माल कसा रचावा ते मला कळतं. मी तर त्याचा फोटोही काढला.

शॅरन बाईंनी मागच्या काचेतून डोकावून विचारलं, "यू कॅम्पिंग, लव्ह, ऑर ओपनिंग अ बेकरी?"

"दॅट इज माय वाइफ," आप्पांनी डावीकडच्या तीन पोत्यांकडे बोट दाखवून अभिमानाने सांगितलं.

एकूण वजन पाच हजार नऊशे नव्वद. सहा टनांना दहा किलो कमी! आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, निनादराव. चोख काम." लग्नाला चौदा वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या तोंडून शाब्बास मी तेव्हा प्रथम ऐकलं. परत येताना मी साडेतीन टन ओढणाऱ्या माणसाच्या थाटात एका हाताने गाडी चालवली.

घरी मी तो फोटो कौतुकाने दाखवला आणि कोणाचं पोतं कुठलं तेही समजावून सांगितलं. हे करायला नको होतं.

"मी तीन पोती?" आई म्हणाल्या.

"मी आणि आई सारख्याच?" वृषाली म्हणाली.

त्या रात्री आप्पांना आणि मला वरण-भात स्वतःच्या हाताने वाढून घ्यावा लागला.

निघायचा दिवस उजाडला. आई पहाटेपासून तयार. फुलाफुलांचा नवा पंजाबी ड्रेस, पायात वृषालीने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट, हातात पोळी-भाजीचा डबा. आप्पांनी कॅरॅव्हॅनला नारळ फोडला. समोरचे पंजाबी अंकल आणि मिसेस निरोप द्यायला फाटकाशी आले. मी सनग्लासेस लावले आणि स्टिअरिंगवर बसलो. गुडघ्यांमुळे आप्पा पुढे, माझ्या शेजारी. मागे आई चढल्या, त्यांना हात देऊन वृषाली चढली, मग इरा. दार लागलं. मी आरसा नीट केला, हँडब्रेक सोडला.

खिडकीवर टकटक झाली. सई बाहेर उभी.

"बाबा, व्हेअर डू आय सिट?"

"मागे बस ना, पिल्लू."

"देअर इज नो मागे."

मी वळून पाहिलं. मागे आई, वृषाली आणि इरा. तीन माणसं, तीन पट्टे. पुढे आम्ही दोघं. पाच. मी पुन्हा मोजलं, आप्पांनीही बोटांवर मोजलं. मग आप्पांनी वही काढून नावं वाचली, आणि वहीत आम्ही सहाच होतो, वजनासकट.

"निनाद," वृषाली अगदी शांतपणे म्हणाली (ती शांतपणे बोलते तेव्हा मी घाबरतो), "आपल्या युटला सीट किती आहेत?"

"पाच," मी म्हणालो.

"आणि आपण?"

वीस महिन्यांत आम्ही सहाही जण त्या युटमध्ये एकदाही एकत्र बसलो नव्हतो! खरेदीला एकानेच जायचं, फिरायला पायी जायचं. दोन लॉकडाऊनच्या मध्ये कधी गेलोच तर आईंना युटची पायरी उंच पडते म्हणून वृषालीची छोटी गाडीही बरोबर असायची. पोती एकावर एक रचता येतात. माणसं येत नाहीत. हे एका निवृत्त वजनमापे निरीक्षकाच्या आणि एका पगारी माल-नियोजकाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सईला कॅरॅव्हॅनमध्ये बसवू," आप्पा चाचरत म्हणाले.

"चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवणं बेकायदा आहे, आप्पा!" वृषाली म्हणाली.

पंजाबी अंकल मदतीला आले, "बच्ची को गोद में ले लो जी." मिसेसनी त्यांना तिथल्या तिथे गप्प केलं.

मग आई हळूच म्हणाल्या, "मी उतरते. तुम्ही जावा पोरींना घेऊन. मी आपली राहते घरी, क्रेगीबर्न माझं बघितलेलंच आहे." आणि त्यांनी खरंच दार उघडून ते पांढरे बूट पायरीवर ठेवले.

मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली म्हणून सांगू! ही सगळी यातायात ज्यांच्यासाठी, त्याच गाडीतून उतरत होत्या, आणि मी तिथे काळा चष्मा लावून बसलो होतो. मी चष्मा काढला, खाली उडी मारली आणि आईंचा हात धरून त्यांना पुन्हा सीटवर बसवलं.

"आई, तुम्ही हलायचं नाही. वृषालीची छोटी गाडी आहे ना! दोन गाड्या नेऊ. सहाच्या सहा जाणार!"

"हे बेस," आप्पा म्हणाले. "छोटी कोण चालवणार?"

वृषालीने माझ्याकडे पाहिलं. आप्पांनी वही उघडली.

"वृषाली साठ. निनादराव अठ्ठ्याऐंशी. मोठ्या गाडीत वृषाली बसली तर अठ्ठावीस किलोंची जादा सवड."

"पण कॅरॅव्हॅन मी ओढणार होतो!" मी म्हणालो.

"रिव्हर्स कोण घेणार तिथे?" वृषालीने विचारलं.

फाटकाशी उभ्या असलेल्या मिसेस खुदकन हसल्या. त्यांनी चाळीस मिनिटांचा तो कार्यक्रम पहिल्यापासून पाहिला होता. मी युटची किल्ली बायकोच्या हातात ठेवली.

आता माझ्या वाट्याला वृषालीची छोटी लाल गाडी आली, आणि ती रिकामी आहे हे आईंच्या ध्यानात यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. "अगंबाई, मग ते राहिलेलं सगळं बसेल की!" त्या युटमधून उतरल्या (या वेळी उडी मारून) आणि गॅरेजमधून एकेक बाद झालेली वस्तू मुक्त करायला लागल्या. दोन्ही कुकर, इडलीपात्र, फराळाचे सात डबे डब्यांसकट, पिठाचं एक पोतं. माझा बार्बेक्यू आला का? नाही. जागाच उरली नाही. माझ्या शेजारच्या सीटवर खलबत्ता बसला. त्याला माणूस समजून गाडी एकसारखी पिंपिं करायला लागली, तेव्हा मी त्याला सीटबेल्ट लावला.

क्रेगीबर्न ते लेक्स एन्ट्रन्स पाच तास लागतात. पाचही तास मी माझ्या स्वतःच्या कॅरॅव्हॅनची पाठ बघत गेलो. वृषाली ती अशी सफाईने चालवत होती, की वाटेतल्या पेट्रोल पंपावर एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थाने तिचं अभिनंदन केलं आणि मला विचारलं, "डिलिव्हरी, मेट?"

पोचलो. वृषालीने एका दमात कॅरॅव्हॅन जागेवर लावली. आईंनी बूट काढून हातात घेतले आणि त्या सरळ वाळूवरून पाण्यापर्यंत गेल्या. लाट पायावरून गेली तशा किंचित दचकल्या आणि मग हसल्या. पाण्यातच उभ्या राहून त्या म्हणाल्या, "आला बाई एकदाचा ऑस्ट्रेलिया." मला फार बरं वाटलं. दोन्ही मुली त्यांना येऊन बिलगल्या आणि आप्पा पाण्यात पँट दुमडून उभे राहिले.

मग आईंनी कराडला आपल्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. समुद्र दाखवला, ओटा दाखवला, तिन्ही बंक दाखवले.

"एवढी मोठी गाडी कुणी आणली गं?" मावशींनी विचारलं.

"आमच्या वृषालीनं! एकटीनं!"

"अगंबाई! आणि जावई? जावई नाही आले होय?"

मी सावरून बसलो, केसांवरून हात फिरवला. आईंनी आवाज खाली आणला, पण फोन स्पीकरवर होता.

"आलेत की," आई म्हणाल्या. "सामानाच्या गाडीतनं."